जाताना झाडून जावा

खोली सोडताना किरायदारानं ती नीट साफ केली की नाही, हे तपासायची आमच्या घरमालकांची एक पद्धत होती. ती मी पुढं दुसरीकडं कुठंही पाहिली नाही. गुरुपादप्पा, सगळ्यांचे आप्पा, त्या दिवशी सकाळीच अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, खास धुतलेलं पांढरंशुभ्र धोतर नेसून यायचे आणि रिकाम्या खोलीच्या एकेका कोपऱ्यात फतकल घालून बसायचे. नुसते बसायचे नाहीत, बसल्या जागी जरा सरकायचेसुद्धा. मग गुडघ्यांवर हात टेकून उठायचे आणि किरायदाराकडं पाठ करून म्हणायचे, "बगा. डाग हाय का?"

किरायदार कोणी लेचापेचा नसे. अव्वल कारकून असे, ओव्हरसियर असे. ज्याच्या सहीसाठी चार गावची माणसं व्हरांड्यात ताटकळत बसायची, असा माणूस कंबरेत वाकून घरमालकाचं धोतर मागून न्याहाळतो आहे, हे दृश्य आमच्या गल्लीत मोठ्या गोडीनं पाहिलं जाई. खोटं बोलायची सोय नव्हती. संशय आला की आप्पा शेजारच्या तांबोळीभाबींना साक्षीला हाक मारत. भाबी पदर तोंडाला लावायच्या, नजर भिंतीकडं वळवायच्या आणि न बघताच सांगायच्या, "है, थोडासा है." मग पुन्हा झाडू, पुन्हा फडकं.

"घर हाय, धर्मशाळा न्हाई," आप्पा म्हणत. "जसं घेतलं तसं द्या. मागं काई ठिवायचं न्हाई."

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. गाव तेच, धूळ तीच, पण एका रात्रीत त्याला जिल्ह्याचं ठिकाण म्हणायला लागले, आणि उस्मानाबादेहून, नांदेडहून, बीडहून आमच्यासारखे कारकून गाठोडी घेऊन येऊन पडले. कचेऱ्यांनाच जागा नव्हत्या, तिथं कारकुनांना कुठून असणार? ज्याच्या घरी जास्तीचा गोठा होता त्यानं म्हैस विकली आणि गोठ्याला खिडकी पाडली. आमच्या कचेरीतला एक जण राहायचा त्या खोलीत गव्हाण तशीच होती. तो तीत पुस्तकं ठेवी. खोली दाखवण्याआधी मालक पगार विचारत, जात विचारत, मटण खाता का विचारत, पाव्हणे किती येतात विचारत.

आप्पांनी यातलं काहीच विचारलं नाही. गंजगोलाईत त्यांचं दोर-सुतळीचं लहानसं दुकान होतं. मी गेलो तेव्हा ते सुंभाचं वेटोळं करत बसले होते. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "जाताना कसं जानार?"

मला वाटलं, ते बस की रेल्वे असं विचारताहेत.

"तसं न्हवं. येनारा मानूस समदाच चांगला असतोय. जाताना कळतंय." आणि त्यांनी नियम सांगितले. खोली सोडायची तर किरायदारानं स्वतःच्या हातानं झाडायची, पुसायची, खिळे काढून भोकं बुजवायची, चुलीमागचं काजळ खरवडायचं. पैसे देऊन माणूस लावायचा नाही. आणि हे सगळं काम सामान बाहेर पडल्यावर, पण स्वतः बाहेर पडण्याआधी करायचं. तोवर ते किल्ली हातात घेणार नाहीत. आणि किल्ली घेतली नाही म्हणजे खोली सुटली नाही, किराया चालू.

मी कबूल झालो. डोक्यावर छप्पर नसलेला माणूस कशालाही कबूल होतो.

घर सोडताना साफसफाई कोणी करायची आणि तिचा भुर्दंड कोणी सोसायचा, यावर आप्पांच्या ओट्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी एखाद्या कोर्टातही झाली नसेल. आमच्या शेजारच्या खोलीत कोषागारातला एक कारकून राहायचा. नियमांचा मोठा किडा. त्याची बदली झाली तेव्हा त्यानं आप्पांना ऐकवलं की वापरानं जी झीज होते ती मालकानं सोसायची असते, किरायदार फक्त मोडतोडीला बांधील असतो.

"बिल्कुल बराबर," आप्पा म्हणाले. "झीज माजी, घान तुमची. झाडा."

हा गृहस्थ देवभोळा होता. भिंतभर तसबिरी लावलेल्या. त्या उतरवल्या तर भिंत पुरळ आल्यासारखी दिसायला लागली. आप्पांनी एकेक भोक मोजलं. "देव घिऊन चाललाव, आन् भोकं मला ठिवली व्हय?" बिचाऱ्यानं चुना आणायचा कंटाळा केला आणि भोकांत ओला साबण दाबून बसवला. आप्पांनी भिंतीला नाक लावलं. "ही भिंत आंघूळ करून राहिली का काय?" सगळा साबण काडीनं कोरून काढायला लावला, आणि चुना भरून घेतला. कारकून गेला तो शिव्या देतच गेला.

शेतकी खात्यातल्या एका साहेबानं तर खिशातून नोट काढून पुढं केली. "आप्पा, एखादी बाई लावून घ्या झाडायला. मला वेळ नाही."

आप्पांनी नोटेकडं बघितलंसुद्धा नाही. "बाई झाडंल हो. पर जानार तुमी, बाई न्हाई."

याचा अर्थ कुणालाच कळला नाही. म्हातारा चक्रम आहे, एवढंच सगळ्यांना कळलं.

कडेलोट झाला तो ओव्हरसियरच्या वेळी. हा गडी हुशार. परीक्षा टाळायची म्हणून त्यानं सामान दोन दिवस आधीच हळूहळू हलवलं आणि एका पहाटे किल्ली ओट्यावर ठेवून बायकोसकट बसस्टँड गाठला. गाडी सुटायच्या बेतात होती. तेवढ्यात आप्पा फलाटावर हजर. हातात केरसुणी. खिडकीशी जाऊन त्यांनी ती आत सरकवली. "या, झाडून जावा."

गाडीत खसखस पिकली. ओव्हरसियर तोंड फिरवून बसला. आप्पा खिडकीची दांडी धरून उभे. ओरडत नव्हते, भांडत नव्हते, नुसतं "झाडून जावा" म्हणत होते, आणि आवाज असा की कोणी ऐकलं तर वाटावं, हे काहीतरी मागताहेत. शेवटी कंडक्टरच म्हणाला, "जावा की सायेब, झाडून या. पुढच्या गाडीनं या. म्हाताऱ्याला कशाला रडवताव?" ओव्हरसियर उतरला, गल्लीत आला, त्यानं दातओठ खात झाडलं, धोतर तपासलं आणि दुपारच्या गाडीनं गेला. पुन्हा तो आमच्या गल्लीकडं फिरकला नाही. आप्पांचा कोणताच किरायदार कधी फिरकला नाही. लातुरात कामाला आलेले जुने किरायदार गंजगोलाईत आप्पांचं दुकान दिसलं की दुसऱ्या बाजूनं जात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग दुष्काळ पडला. जिल्हा आला आणि पाऊस गेला, असं लोक म्हणायला लागले. नळ खरखरायचे आणि गप्प व्हायचे. टँकरची वाट बघत गल्लीतल्या घागरी रांगेत उभ्या राहायच्या, आणि माणसं त्यांच्या शेजारी सावलीत बसून भांडायची. डाळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी मोरीला, असा पाण्याचा प्रवास सुरू झाला. गल्लीत सगळ्यांना वाटलं, आता तरी म्हाताऱ्याचा कायदा नरमेल. तो नरमला नाही, फक्त कोरडा झाला. धुवायचं नाही तर ओलं पोतं पिळून पुसा, म्हणाले. परीक्षेच्या धोतराला मात्र ते घोटघोट पाणी वाचवून ठेवत. स्वतः दोन-दोन दिवस अंघोळ करत नसत. दुष्काळात असं वागणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी तरी बरंच काही म्हणत असे, आमच्या खोलीत, दार लावून.

आम्ही तिघं होतो. मी, माझी बायको सुनंदा आणि आई. आईचं माहेर देगलूरकडं, अगदी हद्दीवरच्या गावात. घरात कानडी बोलायचे. आप्पा मूळचे देवणीकडचे, त्यांचीही लहानपणीची भाषा तीच. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात दोघांना हा शोध लागला, आणि त्या दिवसापासून ते कानडीत भांडायला लागले.

आईला मिसरी लावायची सवय होती. ओट्याच्या कडेला बसून ती दात घासायची आणि पिंक टाकायची. आप्पा राख आणून त्या डागावर टाकायचे. ती म्हणायची, माझ्या थुंकीला पिंड घालताव का? ती त्यांना वाटीभर वरण पाठवायची, कारण एकटा माणूस भाकरी आणि तिखटावरच भागवतो हे तिला बघवत नसे. आप्पा वाटी परत करायचे ती इतकी लख्ख घासून की आईला तो अपमान वाटे. "माझी वाटी काय घान होती?" ती सुनंदाला विचारायची, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम तळाशी काळी पडलेली वाटी पाठवायची. तीही लख्ख होऊन यायची. असं करता करता आमच्या घरातली सगळी भांडी आप्पांनी घासून दिली.

ते तिला अक्का म्हणत. ती वयानं त्यांच्याहून लहानच होती, पण तिच्या तोंडाला लागायचं म्हणजे मोठी मानल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दुपारी दुकान मिटून आप्पा ओट्यावर येत, ती उंबऱ्याच्या आत बसे, आणि दोघांचं कानडी सुरू होई. मला त्यातलं निम्मं कळे. बहुतेक ते पाण्याबद्दल असे, जुन्या विहिरींबद्दल, कुठल्या विहिरीला कसं गोड पाणी होतं याबद्दल. आप्पा हसतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी गढूळ यायला लागलं. आम्ही तुरटी फिरवायचो, फडक्यातून गाळायचो. तरी एका सकाळी आईला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत ती अंथरुणावरून उठेना. खोलीभर घाण झाली. सुनंदा एका हातानं तिला धरायची आणि दुसऱ्या हातानं पुसायची, पण पुसायला पाणी कुठं होतं? घागरीच्या तळाशी जे होतं ते मीठ-साखर घालून आईला पाजायचं होतं. गल्लीतल्या डॉक्टरनं येऊन बघितलं आणि तोंड बारीक केलं. माझा मेहुणा नांदेडच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. कचेरीतल्या ड्रायव्हरनं रागावणाऱ्या साहेबाची पर्वा न करता जीप आणली.

आईला उचलून जीपमध्ये ठेवलं. चुलीवर अर्धी भाकरी तशीच होती. अंथरूण तसंच, पाट तसाच, फरशीवर उलटी तशीच. आप्पा दारात उभे होते. मी त्यांना म्हणालो, "आप्पा, घर हे असं टाकून चाललोय. मी आलो की…"

"जावा आधी," ते म्हणाले. "किल्ली माज्याकडं ऱ्हाऊ द्या. खोली तुमचीच हाय."

जीप सुरू झाल्यावर आईनं डोळे उघडले. आप्पांकडं बघून कानडीत म्हणाली, "होगि बर्तीनि." जाऊन येते. आप्पांनी मान हलवली. गल्लीच्या तोंडाशी वळताना मी मागं बघितलं, तर ते दाराला कडी लावून कडीवर हात ठेवून उभे होते.

अहमदपूर, लोहा, नांदेड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करपलेली रानं. त्या रस्त्याचा मला आजही तिटकारा आहे.

नांदेडात गोदावरी होती. नळाला पाणी होतं. विष्णुपुरीला धरणाचं काम चाललंय, आता पाण्याची ददात मिटणार, असं दवाखान्याच्या बाकावर बसलेले लोक सांगत. मी पेला भरून आईच्या ओठांना लावायचो, आणि ते पाणी तिच्या पोटात ठरत नव्हतं. उलट्या थांबल्या तर ताप आला. ताप उतरला तर मूत्रपिंडं बसली, असं डॉक्टर म्हणाले. दोन पावलं पुढं, तीन मागं. माझी रजा संपली. मी हातापाया पडून नांदेडला बदली करून घेतली. लातूरच्या खोलीचा किराया मनिऑर्डरीनं पाठवत राहिलो. खोली सोडायची म्हणजे जाऊन झाडायची, आणि तिथवर जाऊन झाडण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता.

एका संध्याकाळी आई जरा हुशारीत होती. म्हणाली, "आप्पानं घर झाडलं नसंल बघ."

मी म्हणालो, "कसं राहील? त्यांना धूळ सहन होत नाही. कुणाला तरी झाडायला लावून पैसे माझ्या नावावर मांडले असतील."

"तुला काय कळत न्हाई," ती म्हणाली, आणि थांबत थांबत तिनं सांगितलं. आप्पांनी ते तिला कानडीत सांगितलं होतं. मराठीत त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही.

आप्पांना एक मुलगा होता. तो निजामाबादकडं साखर कारखान्यात नोकरीला निघाला. आप्पांची बायको फार टापटिपीची. पोरगा ओटा उतरून गल्लीच्या वळणाला गेला असेल नसेल, तिनं सवयीनं केरसुणी घेतली आणि उंबरा झाडला. माणूस गावाला निघाला की त्याच्या मागोमाग झाडत नाहीत. प्रेत उचलल्यावर मागं झाडतात. एवढं तिलाही ठाऊक होतं, हात तेवढा पुढं गेला. शेजारणीनं बघितलं, आणि बोलली. पोराची सुरुवातीला पत्रं आली. मग लग्न केल्याचं कुणाकडून तरी कळलं. मग काहीच नाही. तो मेला नव्हता. जिवंत होता आणि येत नव्हता. त्याची आई त्या एका झाडण्यापायी झुरत झुरत गेली. आप्पा तिला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त त्यांनी तिच्या हातातली केरसुणी काढून घेतली आणि पुन्हा तिला दिली नाही.

"म्हनून ते जानाऱ्याकडूनच झाडून घेतेत," आई म्हणाली. "मागं झाडायची येळच येऊ नये. मानूस परत यावा म्हनून."

सगळे किरायदार माझ्या डोळ्यांसमोरून गेले, साबणवाला, नोटवाला, बसमधून उतरवलेला. हे सगळे परत यावेत म्हणून म्हातारा एवढा आटापिटा करत होता, आणि त्या आटापिट्यापायीच त्यांतला एकही परत येत नव्हता. आपल्या लोकांनी देवाला एवढी नावं ठेवली आहेत, पण असल्या विनोदाबद्दल त्याला काय म्हणायचं हे कुणी सांगितलेलं नाही.

आई म्हणाली, "बरी झाले की जाऊ. मीच झाडीन. तुला नीट येत न्हाई."

ती बरी झाली नाही. पावसाळा सुरू व्हायचा तो झाला नाही, आणि त्या कोरड्या आषाढात ती गेली. गोदावरीच्या काठावर आम्ही सगळं केलं. मी डोकं भादरलं. दिवस झाले, पाव्हणे गेले, आणि एका सकाळी सुनंदा म्हणाली, "लातूरची खोली सोडून या एकदाची. भांडू नका. साफसफाईचे म्हणून मागतील ते देऊन टाका." आप्पांना मी काहीच कळवलं नव्हतं. सुतक घरमालकाला कोण कळवतं?

मी टोपी घालून गेलो. गल्लीच्या तोंडाशीच तांबोळीभाबींनी मला गाठलं. "भाईसाब, तुमच्या खोलीची लई बास आतीय. मुंग्या, उंदरं, समदं हाय. आप्पाकू बोल बोलके थक गये. कुनाला हात लावू देत न्हाईत." मग माझ्या तोंडाकडं बघून त्या थांबल्या आणि बाजूला झाल्या.

आप्पा ओट्यावर होते. अंगावरचं धोतर मळकं. मला बघून ते लगबगीनं उठले, आणि माझ्याशी बोलायच्या आधी माझ्या पाठीमागं बघायला लागले. गल्लीत, वळणापर्यंत.

"अक्का मागनं येतेत का? रिक्षात हायत?"

वाटेत बसमध्ये मी वाक्यं जुळवली होती. ती तशीच ठेवून मी टोपी काढली.

आप्पांनी माझं डोकं बघितलं. मग कंबरेची किल्ली काढली. आणि कुलूप उघडलं.

आत सगळं आम्ही टाकून गेलो तसंच होतं. अंथरुणाच्या वळकट्या, पाट, आडवा पडलेला पेला. भाकरीचं काही शिल्लक राहिलं नव्हतं, मुंग्यांनी ती नेली होती. फरशीवरचे डाग वाळून काळे पडले होते. नाकाला पदर लावावा असा वास. भिंतीपलीकडं हा वास घेत तो माणूस इतके दिवस जेवत होता, झोपत होता, ज्याला धोतरावरचा एवढासा डाग सहन होत नसे. आजारी बाई घरातून गेली आहे आणि तिच्या मागं झाडायचं, हे त्यांच्या हातून होणारच नव्हतं. शेजारीपाजारी बोलले असतील, नवे किरायदार येऊन नाक मुरडून गेले असतील. त्यांनी फक्त कडी सांभाळली. मला एकदम रडू आलं. आई गेल्यापासून मी नीट रडलो नव्हतो, ते तिथं, त्या घाणीत उभं राहून रडलो.

थोड्या वेळानं डोळे पुसले आणि कोपऱ्यातली केरसुणी उचलली. नियम मला पाठ होता.

आप्पांनी ती माझ्या हातातून घेतली.

"तुमी न्हाई," ते म्हणाले. "हे अक्काच्या मागचं झाडनं. तुमचं अजून येनं-जानं हाय."

आणि त्यांनी झाडायला सुरुवात केली. आतल्या भिंतीपासून दाराकडं, सावकाश, एकेक फरशी. मध्येच बसायचे, नखानं डाग खरवडायचे, पुन्हा उठायचे. मी मदतीला गेलो तर हातानंच बाजूला केलं. मग आपल्या खोलीत जाऊन प्यायच्या पाण्याची घागर उचलून आणली. मी म्हणालो, "आप्पा, अहो टँकर कधी येईल काय माहीत." त्यांनी ऐकलं नाही. घागर रिती होईस्तोवर ते पुसत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तसंच येऊ देत होते.

केर सुपलीत भरून ते उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथं अडकले. पाऊल बाहेर पडेना. त्या केरात काय होतं? माती, मेलेल्या मुंग्या, उंदरांनी कुरतडलेल्या गोधडीचा कापूस. मी हात पुढं केला. त्यांनी मान हलवली. शेवटी स्वतःच उतरले, गल्ली ओलांडली, उकिरड्यावर सुपली रिकामी केली आणि परत येऊन ती दाराशी उलटी ठेवली.

"झालं," ते म्हणाले. "खाली झालं घर."

मी सुनंदानं दिलेले पैसे काढले. त्यांनी माझी मूठ मिटवली. मग मी सामान बांधलं. बांधण्यासारखं फार नव्हतंच. आप्पांनी दुकानातून नवी सुतळी आणून वळकटीला गाठ मारून दिली, चांगली पक्की. दुपारची गाडी मिळण्यासारखी होती. मी पिशवी खांद्याला लावली आणि त्यांच्या पाया पडलो.

त्यांनी माझा दंड धरला. वाकलेल्या मला उठवायला धरला असं मला वाटलं, पण त्यांनी तो सोडला नाही.

"आज नका जाऊ," ते म्हणाले. "एका दिसात घरातनं दोघं जाऊ नयेत."

मी पिशवी खाली ठेवली.